आधी नदी बघा, डबा नंतर उघडा

वाचकांचे प्रश्न : हिवाळ्यातली स्टीलहेडची मासेमारी

नोव्हेंबर लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रोख बदलतो. उन्हाळाभर ट्राउट आणि खेकडे विचारणारी मंडळी स्टीलहेडकडे वळतात. नव्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. स्टीलहेड म्हणजे रेनबो ट्राउटच, जात एकच. फरक एवढाच की हा नदीत जन्मतो, वाढायला समुद्रात जातो आणि अंडी घालायला पुन्हा नदी चढतो. माझ्या माहेरी, कर्जतकडे, पहिल्या पावसात मासे ओढ्यांतून वर चढायला लागले की वलगण आली म्हणतात. पॅसिफिकच्या काठाला ही वलगण ऐन थंडीत येते, नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्याने १९६९ साली या माशाला राज्यमासा म्हणून मान दिला. त्याला भेटायचं तर गारठ्यात कमरेला पट्टा आवळून पाण्यात उभं राहावं लागतं, आणि ते नीट कसं करावं हेच यंदाच्या पत्रांमध्ये विचारलं आहे.

प्रश्न : ताई, रॉड, रीळ, वेडर्स (पाण्यात उभं राहायचा जलरोधक पोशाख) सगळं घेतलं. स्नोक्वाल्मी नदीवर टोकुल क्रीकच्या आसपास लागोपाठ चार शनिवार सकाळपासून उभा राहिलो. गुलाबी, नारिंगी, जांभळं, काळं, डब्यातलं प्रत्येक जिग (रंगीत सजवलेला वजनदार गळ) टाकून पाहिलं. एकदाही ओढ लागली नाही. शेजारी उभे असलेले आजोबा मात्र दोन मासे घेऊन गेले. नेमका कोणता रंग वापरू?
— एक वाचक, रेडमंड

उत्तर : रंगाचं उत्तर देते, पण शेवटी. तुमच्या पत्रात मला खटकला तो ‘शनिवार’. स्टीलहेड शनिवार बघून येत नाही, पाणी बघून येतो. पश्चिम वॉशिंग्टनच्या नद्या पावसावर चढतात आणि पाऊस थांबला की उतरतात. मासा समुद्रातून आत शिरतो तो बहुधा पाणी चढल्यावर. तो गळाला लागतो मात्र पाणी उतरताना.

म्हणून घरातून निघण्याआधी नदीचा आलेख बघायची सवय लावा. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने मोठ्या नद्यांवर ठिकठिकाणी मापकं बसवली आहेत. पाण्याची उंची फुटांत आणि प्रवाह दर सेकंदाला किती घनफूट, हे दोन्ही आकडे फोनवर फुकट दिसतात. रेघ वर जात असेल तर घरी बसा. वाढत्या पाण्यात पानं, फांद्या, गाळ वाहत येतो आणि मासा तळाशी अंग चोरून राहतो. रेघ शिखरावरून खाली वळली, की दुसरा किंवा तिसरा दिवस तुमचा. तो मंगळवार असेल तर मंगळवारी रजा टाका. हे मी अगदी मनापासून सांगते. योग्य मंगळवारची अर्धी सकाळ चार चुकीच्या शनिवारांपेक्षा जास्त देते.

काठावर पोचल्यावर रंग बघायचा तो पाण्याचा. इथले जुने लोक ज्याला ‘स्टीलहेड ग्रीन’ म्हणतात, तो शेवाळी हिरवा रंग ओळखायला शिका. गुडघाभर पाण्यात आपले बूट दिसतात आणि मांडीभर पाण्यात दिसेनासे होतात, असं पाणी उत्तम. दोन ते चार फूट आतलं दिसलं पाहिजे. त्यापेक्षा गढूळ असेल तर माशाला आमिष दिसत नाही, आणि काचेसारखं नितळ असेल तर त्याला तुम्ही दिसता. आलेखावरचा कुठला आकडा म्हणजे हा रंग, हे प्रत्येक नदीचं वेगळं असतं. त्यासाठी एक वही करा. गेलात की तारीख, मापकाचा आकडा, पाणी कसं दिसलं आणि किती गार होतं, एवढं लिहा. मासा लागला नाही त्या दिवशीसुद्धा लिहा. दोन हिवाळ्यांनंतर ही वही तुमच्या डब्यातल्या कुठल्याही जिगपेक्षा मोलाची ठरेल.

पाण्याचं तापमान मोजायला दोरीला बांधलेला साधा थर्मामीटर पुरतो. चाळीस फॅरनहाइट, म्हणजे साधारण साडेचार सेल्सियस, ही रेघ लक्षात ठेवा. त्याच्या खाली मासा मंद होतो, आमिषासाठी लांब जात नाही. अगदी त्याच्या तोंडासमोरून, सावकाश न्यावं लागतं. अशा दिवशी पहाटे पाचला जाऊन बोटं गोठवण्यात अर्थ नाही. दुपारी ऊन पडून पाणी अंशभर जरी वर सरकलं, तरी मासे जागे होतात. पाणी बेचाळीस-पंचेचाळीसच्या पुढे गेलं तर मात्र तो हातभर बाजूला येऊनही आमिष धरेल.

आता मासा कुठे असतो ते. समुद्रातून वर चढणारा मासा शक्ती जपत चढतो. जोरदार धारेत तो थांबत नाही आणि साचलेल्या पाण्यातही थांबत नाही. माणूस रमतगमत चालेल त्या वेगाचं पाणी, चार ते सहा फूट खोल, तळाशी टोपलीएवढे दगड, अशी जागा शोधा. वेगवान आणि संथ पाणी जिथे एकमेकांना लागून वाहतं तिथे पृष्ठभागावर एक रेघ दिसते. त्या रेघेची संथ बाजू आधी धुंडाळा. मग डोह जिथे संपतो आणि पाणी उथळ होत पुढच्या खळाळाकडे जातं, तो शेवटचा टप्पा बघा. खळाळ चढून दमलेला मासा तिथे विसावतो. नदी फुगलेली असेल तर मासे काठाला येतात, दहा-पंधरा फुटांच्या आत. अशा वेळी लोक नेमके तिथेच उभे राहून नदीच्या मध्यावर गळ फेकत असतात. पाण्यात पाय घालण्याआधी काठाजवळ दोन-चार फेका टाकाव्यात, हे मला इथल्या एका वयस्कर मच्छीमाराने शिकवलं आणि ते मी आजही मोडत नाही.

तुम्ही लिहिलंय की एकाच जागी उभे राहिलात. तसं करू नका. एका जागेवर पंधरा-वीस नीट फेका झाल्या की पाच पावलं खाली सरका. टोकुलला गर्दीमुळे सरकायला जागा नसते, हे खरं. पण तिथले मासे हॅचरीचे, म्हणजे पैदास केंद्रात वाढवून सोडलेले असतात आणि ते लवकर येतात, डिसेंबर-जानेवारीत. त्या दिवसांत गर्दी सहन करा. नंतर दुसरी नदी बघा. नद्यांचे तुकडे कधी उघडे, कधी बंद हे ऐन हंगामात बदलतं, म्हणून निघायच्या आदल्या रात्री राज्याच्या मत्स्य आणि वन्यजीव खात्याचं ‘फिश वॉशिंग्टन’ अ‍ॅप उघडून नियम वाचा. छापील पुस्तिकेवर विसंबू नका.

आणि त्या आजोबांकडे परत बघा. त्यांचा फ्लोट (पाण्यावर तरंगणारं बोंडूक) कुठल्या रेघेतून जात होता, फ्लोटपासून गळापर्यंतचा दोरा किती लांब होता, ते लक्षात घ्या. पुढच्या वेळी नमस्कार करून सरळ विचारा. माणसं सांगतात.

रंग : पाणी हिरवट-गढूळ असेल तर मोठं, भडक, गुलाबी किंवा नारिंगी. नितळ असेल तर लहान आणि फिकं. डब्यात याहून जास्त लागत नाही.

प्रश्न : मी क्लॅकमस आणि सँडी नद्यांवर शिकते आहे. कुणी फ्लोट म्हणतं, कुणी स्पून (चमच्यासारखं धातूचं आमिष), कुणी मणी, कुणी सांगतं कृत्रिम माशी बांधून स्पे रॉडने झुलवा. सुरुवात कशाने करावी?
— एक वाचक, पोर्टलंड

उत्तर : फ्लोटने. तळ कुठे आहे आणि प्रवाह कसा वाहतो, हे फ्लोट डोळ्यांना दाखवतो. बाकीच्या पद्धतींत ते हाताला कळावं लागतं आणि हाताला कळायला वेळ लागतो.

साडेनऊ-दहा फुटी स्पिनिंग रॉड, तीस पौंडी ब्रेडेड दोरा, खाली, गळाच्या बाजूला, दहा-बारा पौंडी फ्लुरोकार्बनचा बारीक दोरा, म्हणजे लीडर. अर्ध्या औंसाचा फ्लोट, खाली तेवढंच शिसं, आणि एक अष्टमांश औंसाचं जिग. जिग तळापासून फूट-दीड फूट वर तरंगलं पाहिजे, कारण स्टीलहेड वर बघत असतो, खाली वाकून खात नाही. फ्लोट अधूनमधून तळाला अडकून बुडत नसेल तर दोरा थोडा वाढवा. सतत अडकत असेल तर कमी करा.

सगळी कला दोऱ्यात आहे. तळाचं पाणी वरच्या पाण्यापेक्षा सावकाश वाहतं. पाण्यावर पडलेला दोरा फ्लोटच्या पुढे गेला की तो फ्लोटला ओढतो आणि जिग अनैसर्गिक वेगाने पळतं. रॉड उंच धरून दोरा उचला, फ्लोटच्या मागे टाका, पुन्हा उचला. फ्लोट पृष्ठभागावरच्या बुडबुड्यांपेक्षा जरा मागे राहिला की समजा, जमलं. तो नुसता थबकला तरी झटका द्या. थंडीत मासा फ्लोट दणकन बुडवत नाही, बरेचदा नुसता थांबवतो.

मणी त्याच फ्लोटखाली चालतात. अंड्यासारखा दिसणारा मणी गळाच्या दोन इंच वर खुंटीने पक्का करायचा. नितळ पाण्यात आठ-दहा मिलिमीटर, गढूळ पाण्यात बारा-चौदा. गळ तोंडाच्या बाहेरच्या बाजूला बसतो, त्यामुळे माशाला इजा कमी होते.

स्पून दुसऱ्या वर्षी घ्या. नदीच्या पलीकडे, किंचित खाली फेकायचा, दोरा ताणून धरायचा आणि प्रवाहाला तो कमानीत काठाकडे आणू द्यायचा. रीळ जवळजवळ फिरवायचंच नाही. स्पून सावकाश डुलत, कधीतरी एखाद्या दगडाला टकटक करत यावा. कमान संपली की लगेच ओढू नका. पाच-सात सेकंद तसाच लटकू द्या, कारण मागे मागे आलेला मासा बहुधा तिथेच धरतो. तो हिसका मनगटात शिरतो. मला स्वतःला स्पूनच सर्वांत प्रिय आहे, त्याचं कारण हेच.

स्पे रॉड सुंदर आहे. पण एका हिवाळ्यात नदीही शिकायची आणि तेरा फुटी दोन हातांची काठीही शिकायची, हा भार स्वतःवर घालू नका. ओरेगनमध्ये साध्या परवान्याशिवाय सॅमन-स्टीलहेडचा वेगळा टॅग लागतो आणि कोलंबिया खोऱ्यातल्या नद्यांसाठी परवान्यावर आणखी एक एंडॉर्समेंट, म्हणजे जादा नोंद लागते. तुमच्या दोन्ही नद्या त्या खोऱ्यातल्या आहेत. ते विसरू नका.

प्रश्न : आमच्या ओहायोत एरी सरोवरातून नदीत चढणाऱ्या माशांनाही स्टीलहेडच म्हणतात. पॅसिफिकवाले हसतात. हा खरा स्टीलहेड आहे का? आणि जानेवारीत रॉकी नदीचे काठ गोठलेले असतात, तेव्हा काय करावं?
— एक वाचक, क्लीव्हलंडजवळून

उत्तर : हसणाऱ्यांना हसू द्या. तुमचा मासा त्याच जातीचा आहे. १८७६ साली कॅलिफोर्नियातल्या रेनबो ट्राउटची पिल्लं मिशिगनच्या ऑ सेबल नदीत सोडली, तिथून महासरोवरांतली गोष्ट सुरू होते. तुमच्याकडचे मासे समुद्राऐवजी सरोवरात वाढतात, एवढाच फरक. ओहायोच्या नद्या उन्हाळ्यात फार तापतात, त्यामुळे तिथे नैसर्गिक पैदास जवळजवळ होत नाही आणि राज्य दरवर्षी पिल्लं सोडतं. म्हणून तुमच्याकडे मासा घरी नेताना मनाला टोचणी लागण्याचं कारण नाही. माझ्याकडच्या नद्यांवर ते कारण आहे. त्याबद्दल पुढे लिहिते.

तुमच्या नद्यांचा तळ शेल खडकाचा, सपाट. पाऊस पडला की पाणी झटकन चढतं आणि झटकन उतरतं. त्या सपाट तळात जिथे खाच आहे, कपार आहे, पुलाच्या खांबामागे खड्डा आहे, तिथेच मासा. पाणी चौतीस-पस्तीस फॅरनहाइटवर आलं की ते सर्वांत खोल, सर्वांत संथ डोहात एकमेकांना चिकटून बसतात. लीडर सहा पौंडांपर्यंत बारीक करा, जिग नखाएवढं घ्या, त्याला दोन मॅगट (माशीच्या अळ्या) लावा किंवा जाळीत बांधलेली अंड्यांची छोटी पुरचुंडी वापरा. फ्लोट इतका हलका हवा की माशाने श्वास घेतल्यासारखं आमिष आत ओढलं तरी दिसावं. दुपारी अकरा ते तीन, बस्स.

काठाच्या बर्फावर चढू नका. खालून पाणी गेलेलं असतं आणि तो बर्फ आधाराशिवाय लोंबत असतो. वरच्या अंगाला बर्फ फुटून मोठे तुकडे वाहत यायला लागले तर क्षणभर न थांबता पाण्याबाहेर या.

प्रश्न : मी मूळचा मालवणचा. मासा पकडायचा तो खाण्यासाठी, हे आमच्या रक्तात आहे. इथे तासन्‌तास उभं राहून धरायचा आणि वाइल्ड (हॅचरीतला नाही, नदीतच जन्मलेला) आहे म्हणून सोडून द्यायचा, ही मला माशाची निव्वळ छळवणूक वाटते. खायचा नसेल तर धरायचाच कशाला?
— एक वाचक, टकोमा

उत्तर : तुमचा प्रश्न मी गंभीरपणे घेते, कारण त्यात खोट नाही. सोडलेला प्रत्येक मासा जगतोच, असं मी म्हणणार नाही. काही मरतात. त्यामुळे ‘सोडला म्हणजे पाप नाही’ असं समजणाऱ्यांच्या बाजूनेही मी नाही.

पण स्थिती काय आहे ती बघा. प्युजेट साउंडमधला स्टीलहेड २००७ पासून केंद्राच्या कायद्याखाली धोक्यात आलेला म्हणून नोंदलेला आहे. ऑलिम्पिक द्वीपकल्पातल्या होह, बोगाचील, सोल डक या नद्या शेवटचा भरवसा मानल्या जायच्या. तिथेही संख्या घटली, आणि २०१६ पासून तिथला वाइल्ड मासा ठेवायला बंदी झाली. २०२० च्या डिसेंबरमध्ये राज्याने तिथे आमिष बंद केलं आणि होडीतून गळ टाकणंही बंद केलं. जंगलतोड, धरणं, रस्त्याखालचे चिंचोळे पाइप, तापलेला समुद्र, आणि आम्ही गळवाले, सगळ्यांचा यात हात आहे.

पॅसिफिकचा सॅमन अंडी घातली की मरतो. स्टीलहेडचं तसं नाही. काही मासे, त्यातही बहुतांशी माद्या, अंडी घालून पुन्हा समुद्रात जातात आणि पुढच्या एखाद्या वर्षी पुन्हा चढतात. तुमच्या हातातली मादी दुसऱ्या फेरीची असू शकते. आपल्याकडे वलगणीला गाभोळीने भरलेले मासे काठ्या-टोपल्यांनी मारतात. लहानपणी तो मला सण वाटायचा, आज मला त्याचं वाईट वाटतं. वर चढणारा मासा मारला की पुढच्या सालचे मासे मारले जातात, हे कर्जतलाही खरं आहे आणि इथल्या द्वीपकल्पातल्या फोर्क्स गावालाही.

म्हणून तुम्हाला माझा सल्ला असा : खायचाच असेल तर हॅचरीच्या नद्यांवर जा. कौलिट्झवर जा, बोगाचीलच्या हॅचरीखाली डिसेंबरात जा. तिथला मासा ठेवण्यासाठीच सोडलेला असतो आणि तो ठेवलेलाच बरा, कारण तो वाइल्ड माशांत मिसळून अंडी घालू नये. ओळख सोपी आहे. पाठीवरचा मोठा पर आणि शेपूट यांच्या मध्ये एक छोटा मांसल पर असतो. हॅचरीत तो लहानपणीच कापतात. तिथे भरून आलेला व्रण दिसला तर मासा ठेवा. पर शाबूत असेल तर तो वाइल्ड, आणि त्याला सोडणं तुमच्या मनावर नाही, कायद्यावर आहे.

आणि वाइल्ड लागलाच तर : गळ एकच, बिनकाट्याचा. खेळवत बसू नका, लवकर जवळ घ्या. जाळं गाठी नसलेलं, रबराचं. हात आधी ओले करा. वॉशिंग्टनमध्ये सोडायचा मासा पाण्याबाहेर पूर्ण उचलायलाच बंदी आहे, आणि तो नियम योग्य आहे. हवा शून्याखाली असेल तेव्हा माशाचे कल्ले क्षणात गोठू शकतात. फोटो हवा असेल तर पाण्यातलाच घ्या. तोंड प्रवाहाकडे करून धरा आणि तो स्वतःच्या जोराने निघून जाईपर्यंत थांबा. एक-दोन वाइल्ड मासे झाले की मी त्या दिवशी गळ गुंडाळते. तसा नियम कुठे नाही, पण तो माझा आहे आणि तुम्हीही घ्यावा असं मला वाटतं.

फेब्रुवारीनंतर डोहाच्या शेवटी, उथळ पाण्यात, तळाच्या काळपट दगडांमध्ये स्वच्छ उजळ खडीचा लांबट पट्टा दिसला तर तिथे पाय ठेवू नका. तिथे खाली अंडी आहेत.

प्रश्न : द्वीपकल्पावर नदीमुखाजवळ आदिवासी जमातींची जाळी दिसतात. आम्ही एक मासा ठेवू शकत नाही आणि ते जाळी लावतात, हे कसं?
— एक वाचक, बेलव्ह्यू

उत्तर : कारण नदी आधी त्यांची आहे. १८५५-५६ च्या तहांत क्विल्यूट, होह, क्विनॉल्ट आणि इतर जमातींनी जमिनी दिल्या आणि मासेमारीचा हक्क राखून ठेवला. १९७४ साली न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनी निकाल दिला की पकडता येण्याजोग्या माशांत निम्मा वाटा तहातल्या जमातींचा. राज्य आणि जमाती मिळून हंगाम ठरवतात. जाळ्यापासून दूर राहा, हात लावू नका, आणि काठावर भेट झाली तर बोला. नदीबद्दल त्यांना जे ठाऊक आहे ते दुसऱ्या कुणाला नाही.

प्रश्न : माझा नवरा जानेवारीत अंधार असतानाच एकटा होह नदीवर जातो. तिथे फोन लागत नाही. मी दिवसभर घड्याळ बघत बसते. त्याला काय सांगू?
— एक वाचक, ऑलिम्पिया

उत्तर : हे उत्तर त्यांना वाचायला द्या.

पाच अंश सेल्सियसच्या पाण्यात पडल्यावर पहिलं मिनिट श्वासाचं असतं. छाती आपोआप धापा टाकते आणि तोंड पाण्याखाली असेल तर पाणी आत जातं. त्या मिनिटात पोहायची धडपड न करता तोंड वर ठेवून श्वास आवरायचा. त्यानंतर साधारण दहा मिनिटं हातपाय उपयोगाचे राहतात. तेवढ्यात बाहेर यायला हवं. प्रवाहाने ओढलंच तर पाठीवर, पाय पुढे, आणि तिरकं काठाकडे. बुडालेल्या झाडांपासून दूर.

वेडर्सचा पट्टा बाहेरून घट्ट बांधलेला हवा, म्हणजे आत पाणी झपाट्याने भरत नाही. बुटांना खिळे, हातात काठी, गळ्यात फुगवता येणारं लाइफ जॅकेट. मांडीच्या वर पाण्यात जायचं नाही. या नद्यांत जास्त आत जाण्याची गरजही नसते, मासा बहुतेकदा काठाजवळ असतो. होह हिमनद्यांवरून येते आणि पाऊस पडला की द्वीपकल्पातल्या शेजारच्या नद्यांपेक्षा उशिरा निवळते. तळ दिसत नसेल तर ती ओलांडायची नाहीच. काठावरचा एखादा दगड खुणेला धरावा. तो बुडायला लागला की निघावं.

अंगात सुती काहीही नको, लोकरी किंवा कृत्रिम धाग्याचे कपडे हवेत. गाडीत कोरड्या कपड्यांचा पूर्ण जोड, थर्मासमध्ये गरम चहा. नदीचा कुठला टप्पा, गाडी कुठे लावणार, किती वाजता फोनच्या पट्ट्यात येणार, हे कागदावर लिहून तुमच्या हातात द्यायचं आणि त्या वेळेला तासभर उलटला तर तुम्ही मदतीला फोन करायचा. उपग्रहावरून संदेश पाठवणारं छोटं यंत्र मिळतं, ते त्यांनी विकत घ्यावं. नव्या रिळाच्या आधी. आणि एकट्याने जाणं कमी करावं. घरी कुणीतरी घड्याळ बघत बसलंय हे त्यांना ठाऊक असायला हवं.

प्रश्न : मुलाने हॅचरीचा सात पौंडी स्टीलहेड आणला. आई चिपळूणहून आली आहे, ती म्हणते सारच करायचं. कसा करावा?
— एक वाचक, व्हँकुव्हर, वॉशिंग्टन

उत्तर : मासा चंदेरी होता की काळपट-गुलाबी? चंदेरी असेल तर ताजा समुद्रातून आलेला, मांस नारिंगी आणि तेलकट. अंगावर रंग चढला असेल तर तेल अंड्यांत गेलेलं असतं आणि मांस फिकं पडतं. तो मासा आईंच्या सारासाठी बरा.

चंदेरी माशाचं पातळ सार करू नये असं माझं मत आहे. तुकडी फुटते आणि तेल वर येतं. जाड आडव्या तुकड्या करा, मीठ-हळद आणि आगळ लावून अर्धा तास ठेवा, मग आलं-लसूण-हिरवी मिरची-कोथिंबिरीचं घट्ट वाटण लावा. तांदळाच्या पिठात घोळवून बिडाच्या तव्यावर थोड्याच तेलात, कातडी आधी खाली, तीन-चार मिनिटं दोन्ही बाजूंनी. पोटाकडचा भाग सर्वांत चवदार, तो आईंना वाढा. डोकं आणि काटा यांचं तिरफळ घालून सार करा, म्हणजे दोघींचं समाधान होईल.

मुलाला एवढं सांगा की मासा ठेवायचा ठरला की लगेच डोक्यावर एक नेमका घाव, मग कल्ले कापून पाण्यात रक्त वाहू द्यायचं, आणि घरी येईपर्यंत बर्फात. चवीचा अर्धा भाग नदीवरच ठरतो. पकडल्याची नोंद परवान्यासोबतच्या कार्डावर तिथल्या तिथे, घरी येऊन नाही.

प्रश्न : मी पुण्यात असतो. भारतात स्टीलहेड कुठे मिळेल?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : समुद्रातून चढणारा स्टीलहेड भारतात नाही. त्याचा भाऊ रेनबो ट्राउट हिमाचल आणि काश्मीरच्या थंड पाण्यात आहे. कुलूजवळ पतलीकुहलला सरकारी ट्राउट केंद्र आहे. परवाना काढून तिकडच्या नद्यांवर गळ टाकता येतो. पण वर चढणारा, ताकदवान, जपायला हवा असा मासा तुम्हाला घराजवळच आहे, तो म्हणजे महसीर. लोणावळ्याला वळवणच्या टाटांच्या केंद्रात त्याची पिल्लं तयार करतात. तिथे जाऊन बघा. त्याला धरलंत तर तोही सोडायचा.

प्रश्न : थंडीत रॉडच्या कड्यांमध्ये बर्फ साठतो आणि दोरा अडकतो. उपाय?
— एक वाचक, स्पोकेन

उत्तर : निघण्याआधी प्रत्येक कड्याला लिप बाम चोळा. थोडा वेळ टिकतो, मग पुन्हा चोळा. बर्फ साठलाच तर नखाने किंवा चाकूने खरवडू नका, आतली चकती तडकते आणि मग दोरा कापते. रॉड पाण्यात बुडवून धरा, बर्फ विरघळतो. ब्रेडेड दोरा पाणी धरतो, म्हणून कडाक्याच्या दिवसांसाठी मोनोफिलामेंटचं वेगळं रीळ ठेवा. आणि एकदा कडी सतत गोठायला लागली, की दुपारची वाट बघा.